तापात फिट येते तेव्हा

लहान मुलाला ताप आला की फिट येऊ शकते आणि ती बघायला कितीही भयंकर असली तरी बहुतेक वेळा त्यातून मुलाला कायमचं काही होत नाही, एवढं साधं मला मनू झाल्यापासून कोणी सांगितलं नव्हतं. बाळंतपणानंतर घरी सोडताना नाही, लसीकरणाच्या कुठल्याच भेटीत नाही. तेल कुठलं लावायचं, भाताची पेज कधी सुरू करायची, बाळगुटी द्यायची की नाही, वॉकर घ्यायचा की नाही ह्यावर भेटेल तो अर्धा तास बोलतो. आणि सहा महिने ते पाच वर्षं ह्या वयातल्या शंभरातल्या साधारण २ ते ५ मुलांना तापात फिट येते, म्हणजे आपल्या ओळखीत, सोसायटीत, पाळणाघरात असं एखादं मूल असतंच, तरी आधी कोणी बोलत नाही, सगळे नंतर सांगतात की अगं आमच्या भाच्याला पण आली होती. ह्याचा मला खरंच राग येतो. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, लांब झालं तरी चालेल.

मनू दीड वर्षाची आहे, वजन १० किलो. वजन मुद्दाम सांगतेय, पुढे लागणार आहे.

सप्टेंबर महिना, नाशिकला पावसाची उघडझाप चालू, ज्याच्या त्याच्या घरात कोणीतरी खोकतंय. दुपारी पाळणाघरातून ताईंचा फोन आला की मनूचं अंग गरम लागतंय, जेवली नाही, नुसती मांडीवर पडून आहे. हाफ डे टाकून निघाले. घरी आल्यावर काखेत थर्मामीटर लावला तर १०१.२. संध्याकाळी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी कान, घसा, छाती सगळं बघितलं आणि म्हणाले व्हायरल दिसतंय, ताप असेल तर पॅरासिटामॉल द्या, दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर ठेवा, दूध-पाणी चालू ठेवा, तीन दिवसांत उतरला नाही तर रक्त तपासू. पहिल्या दिवशीच्या तापाला कुठलाही चांगला डॉक्टर हेच सांगेल.

इथे औषधाच्या बाटलीबद्दल थांबून बोलते कारण त्याच संध्याकाळी जाऊबाईंचा फोन आला होता. मी म्हटलं ३ एमएल द्यायला सांगितलंय, तर त्या म्हणाल्या, "अगं ३ ने काय होणार, आम्ही तर ६ एमएल देतो की!" त्यांच्या मुलाचं वजन मनूएवढंच. मी त्यांना म्हटलं ताई, तुमच्या बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा बरं. त्यांची बाटली होती ५ एमएलमध्ये १२५ मिलिग्रॅमवाली, आमची ५ एमएलमध्ये २५०. म्हणजे त्या पण बरोबर आणि आमचे डॉक्टर पण बरोबर. पॅरासिटामॉलचा डोस वजनावर असतो, साधारण किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे १० किलोच्या मुलाला एका वेळी १५० मिलिग्रॅम. ते २५० वाल्या सिरपचे ३ एमएल होतात आणि १२५ वाल्याचे ६. आणि अगदी तान्ह्या बाळांसाठी जे ड्रॉप्स मिळतात ते तर एका एमएलमध्येच १०० मिलिग्रॅम असतात, त्यातले दीड एमएलच पुरतात. आता विचार करा, रात्री दोन वाजता अर्धवट झोपेत कोणी ड्रॉप्सची बाटली घेऊन ६ एमएल दिले तर? सरळ चौपट डोस जाईल, आणि पॅरासिटामॉल जास्त झालं की लिव्हरवर येतं. मेडिकलवाला पण एक नसलं की दुसरं देतो, खोकं तसंच, नाव तेच, आकडा वेगळा. त्यामुळे कोणी सांगितलं "एवढे एमएल दे" तर आधी बाटलीवरचा मिलिग्रॅमचा आकडा वाचायचा आणि मुलाचं ताजं वजन माहीत असू द्यायचं. सहा महिन्यांपूर्वीचं वजन धरून चालत नाही, ह्या वयात मुलं भराभर वाढतात.

आणि घरात उरलेलं मोठ्यांचं किंवा कोणाच्या जुन्या चिठ्ठीवरचं औषध लहान मुलाला अजिबात नको. नाइमसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला आपल्याकडे २०११ पासून बंदी आहे, अॅस्पिरिन तर मुलांना तापात द्यायचंच नसतं. २०२५ मध्ये छिंदवाड्याला खोकल्याच्या भेसळीच्या सिरपने लहान लहान मुलं गेली, त्यातली कितीतरी उपचाराला आपल्या नागपूरलाच आणली होती. त्या बातम्या वाचल्यापासून डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय मी मनूला खोकल्याचं काहीही देत नाही.

तर रात्री नऊला १०३ होता. औषध दिलं, तासाभरात १०१ वर आला, थोडं दूध प्यायली, झोपली. नवरा अंबडला नाइट शिफ्टला गेलेला. घरात मी, सासूबाई आणि मनू. एकनंतर तिच्या अंगाच्या वाफेनेच मला जाग आली. कपाळ, पोट, मान नुसतं भाजत होतं आणि हाताचे तळवे मात्र गार. काटा दिसत होता अंगावर. थर्मामीटर १०४.१. आई उठल्या, त्यांनी कपाटातून कोलन वॉटर काढलं, मी म्हटलं साध्या कोमट पाण्यानेच पुसूया, डॉक्टरांनी तसंच सांगितलंय (गार पाण्याने किंवा बर्फाने मुलाला हुडहुडी भरते आणि ताप आतून आणखी चढतो, म्हणून कोमटच). शेवटच्या डोसला चार तास होऊन गेले होते म्हणून पुढचे ३ एमएल सिरिंजमध्ये काढून ठेवले. ते द्यायच्या आतच तिचे डोळे वर गेले.

आधी मला वाटलं पेंगतेय. मग मान मागे ताणली गेली, सगळं अंग लाकडासारखं ताठ झालं, आणि दोन्ही हात दोन्ही पाय एका लयीत झटके द्यायला लागले. तोंडातून फेस, ओठांच्या कडा निळ्या. मी मनू मनू हाका मारतेय, ती माझ्याकडे बघतेय असं वाटतंय पण ती बघत नाहीये. सरळ लिहिते, मला त्या क्षणी वाटलं की माझी मुलगी चालली. जिने हे बघितलंय तिला वेगळं सांगायला नको आणि जिने बघितलं नाही तिला कितीही सांगितलं तरी कळणार नाही.

आईंनी दार उघडून जिन्यात हाका मारल्या. वरच्या मजल्यावर एक मावशी राहतात, सिव्हिलला सिस्टर होत्या, रिटायर झाल्यात. त्या गाऊनवरच खाली धावत आल्या. त्यांनी जे केलं ते मी शब्दन् शब्द लिहून ठेवलंय.

"खाली ठेव तिला. पलंगावर नको, पडेल. चटईवर ठेव. आता कुशीवर कर, अशी. गळ्याचं बटण काढ. तोंडात बोट घालू नकोस. चमचा नको, पाणी नको, औषध पण आत्ता नको. हातपाय धरून ठेवू नकोस, होऊ दे. घड्याळ बघ. किती वाजले सांग मला, मोठ्याने सांग."

एक बावीस. मी मोठ्याने सांगितलं. खरं सांगते, ते घड्याळ बघायला लावलं म्हणून मी तिथे टिकले, नाहीतर मी तिला छातीशी घट्ट धरून नुसती हलवत बसले असते.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून कांदा फोडून घेऊन आल्या. त्यांच्या लहानपणी गावात कोणाला आकडी आली की कांदा नाहीतर चप्पल हुंगवायचे, त्या घाबरलेल्या जिवाला तेच आठवणार. मावशी त्यांना ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "वहिनी, कांदा राहू द्या, तिला मोकळा श्वास घेऊ द्या. तुम्ही बॅग भरा. डायपर, टॉवेल, दुपटं, आणि तिची लसीकरणाची फाइल." आई लगेच कामाला लागल्या. माणसाला हातात काम दिलं की धीर येतो हे मला तिथे दिसलं, आणि नंतर हॉस्पिटलमध्ये सगळ्यात जास्त कामाला आली ती फाइलच.

एक चोवीस, पंचवीसच्या दरम्यान झटके थांबले. मोठा श्वास घेतला तिने, अंग एकदम सैल पडलं आणि झोपल्यासारखी झाली. मावशींनी तिच्या छातीवर हात ठेवून श्वास बघितला, ओठ बघितले, म्हणाल्या रंग येतोय परत, चला.

कुशीवर का, तर तोंडातली लाळ, फेस, उलटी झाली तर ती बाहेर वाहून जावी, श्वासनलिकेत जाऊ नये. जीभ कोणी गिळत नाही फिटमध्ये, ती भीती सगळ्यांना असते आणि म्हणून लोक दातांत चमचा घालतात, त्याने दात तुटतात, हिरड्या फाटतात, आपलं बोट तुटायची वेळ येते. आणि घड्याळ का, तर बहुतेक फिट्स पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबतात. पाच मिनिटं झाली तरी थांबली नाही, तर मात्र ती औषध देऊन थांबवावी लागते, मग १०८ ला फोन किंवा मिळेल त्या गाडीने सगळ्यात जवळचं हॉस्पिटल. आणि पहिल्यांदाच फिट आली असेल तर ती एका मिनिटात थांबली तरी त्याच वेळी दाखवायचंच, कारण ती साध्या तापाची आहे की आत मेंदूज्वर वगैरे काही आहे हे आपल्याला घरी कळू शकत नाही.

खालच्या काकांनी गाडी काढली. मी मागे मनूला कुशीवर मांडीवर घेऊन, मावशी शेजारी, आई पुढे. पाथर्डी फाट्यावरून हायवेने मुंबई नाक्याच्या बाजूला रात्री अडीच-तीन किलोमीटर असो की सात, सारखंच लांब वाटतं. मावशींनी एक गोष्ट पक्की सांगितली होती, कोपऱ्यावरच्या छोट्या दवाखान्यात थांबायचं नाही, जिथे रात्री मुलांचा डॉक्टर हजर असतो आणि मुलांचं आयसीयू आहे तिथेच जायचं. हे तुम्ही दिवसा, सगळे ठणठणीत असताना शोधून ठेवा. "चोवीस तास सेवा" असा बोर्ड असतो आणि आत रात्री फक्त मोठ्यांचे बघणारे आरएमओ (ड्युटीवरचे निवासी डॉक्टर) असतात, असं पुष्कळ ठिकाणी असतं. एक फोन करून विचारा, रात्री दोन वाजता पीडियाट्रिशियन आवारात असतात का की घरून बोलवावे लागतात.

इमर्जन्सीत गेल्यावर दोन मिनिटांत पाच माणसं तिच्याभोवती. पायाच्या अंगठ्याला ऑक्सिजन बघायचा चिमटा, तोंडावर छोटा मास्क, बोटाला टोचून शुगर (शुगर खूप कमी झाली तरी फिट येते म्हणून ती आधी बघतात). आणि ड्युटीवरच्या मॅडम हात चालू ठेवूनच मला प्रश्न विचारत होत्या. किती वेळ टिकली? अख्ख्या अंगाला होती की एकाच बाजूला? आज पहिलीच की आधी कधी? वजन किती? पॅरासिटामॉल शेवटचं किती वाजता, किती मिलिग्रॅम? उलट्या, जुलाब? शू शेवटची कधी? लसी सगळ्या झाल्यात? घरात कोणाला फिट्स?

पहिल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे होती, डोस आणि वेळ मी मोबाइलच्या नोट्समध्ये टाकत होते. एक बावीस ते एक पंचवीस, दोन्ही बाजू, १० किलो, नऊ वाजता १५० मिलिग्रॅम. शेवटच्या प्रश्नाला मी नाही म्हणणार एवढ्यात आई मागून म्हणाल्या, "हिच्या वडिलांना यायची लहानपणी. तापातच. दोनदा आली होती, नंतर नाही." लग्नाला इतकी वर्षं झाली, मला हे माहीत नव्हतं, नवऱ्याला स्वतःला माहीत नव्हतं! मॅडमनी लगेच लिहून घेतलं, म्हणाल्या हे फार महत्त्वाचं सांगितलंत आजी, हे घराण्यात चालतं. आपल्याकडे फिट म्हटलं की लपवायची गोष्ट, मुलगी असेल तर आणखीच, पुढे लग्नाचं काय म्हणून. आईंना कोणी कधी विचारलंच नव्हतं तर त्या तरी कधी सांगणार? आज ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांनी आजी-आजोबांना दोन्हीकडच्या हे विचारून घ्या.

नऊच्या डोसला चार तास होऊन गेलेले आणि ती झोपेत, म्हणून तोंडाने न देता शी-च्या जागेतून पॅरासिटामॉलची वडी दिली. मग हाताला सुई. पिवळ्या रंगाची, अगदी बारीक. त्या गुबगुबीत हातात शीर सापडेना, एका हातावर टोचलं, मिळाली नाही, दुसऱ्या हातावर सिस्टरनी मोबाइलचा टॉर्च तळव्याखालून धरून शीर शोधली. आणि सुई गेली तेव्हा मनू पहिल्यांदा रडली, अख्खी इमर्जन्सी दणाणून सोडली. मी पण रडायला लागले तर मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "रडतेय ना, ओळखतेय ना तुम्हाला, हात पुढे करतेय. मला हेच बघायचं होतं." मग त्यांनी मान वाकवून बघितली, टाळू बघितली, अंगावर कुठे लाल-जांभळे ठिपके आहेत का ते दुपटं काढून बघितलं. मान सैल होती, मूल शुद्धीवर येत होतं, म्हणून पाठीतलं पाणी काढायची आत्ता गरज नाही म्हणाल्या. सीटी स्कॅन, ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी) पण नको, साध्या फिटला लागत नाही.

बाहेर काउंटरवर मात्र आधी डिपॉझिट भरा, मगच फाइल पुढे जाईल असं चाललं होतं. आत उपचार सुरू झालेले म्हणून निभावलं, पण काका तिथे उभे राहून वाद घालत होते आणि हे मला कायम खटकेल. इमर्जन्सीतल्या पेशंटला आधी वाचवायचं, बाकीचे सोपस्कार नंतर, हे सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच परमानंद कटारा केसमध्ये सांगितलंय. मध्यरात्री मूल हातात घेऊन आलेल्या बाईकडे पर्स नसते. नवरा अंबडवरून बाइकवर थेट आला, युनिफॉर्मवरच, त्याने पैसे भरले आणि आत येऊन मनूच्या पायाला हात लावून नुसता उभा राहिला.

पहाटे जरा शांत झाल्यावर मॅडमनी आम्हा सगळ्यांना बसवून नीट समजावलं, आणि ह्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. म्हणाल्या, ताप १०४ गेला म्हणजे मेंदू तापला असं काही नसतं. इन्फेक्शनशी लढायला शरीरच ताप वाढवतं. ह्या वयात मेंदू अजून वाढत असतो, काही मुलांत तो तापाला असा रिअॅक्ट होतो, बरेचदा ताप चढत असतानाच, कधी कधी तर फिट आल्यावरच घरच्यांना कळतं की ताप आहे. पॅरासिटामॉल मुलाला बरं वाटावं म्हणून द्यायचं, पण ते वेळेवर दिलं म्हणून फिट येणारच नाही अशी गॅरंटी नसते, त्यामुळे आम्ही उशीर केला का, डोस चुकला का असं एकमेकांना विचारत बसू नका. हे वाक्य त्यांनी आईंकडे आणि माझ्याकडे बघून मुद्दाम म्हटलं. ज्या मुलांना एकदा येते त्यातल्या साधारण एक तृतीयांश मुलांना पुढच्या कुठल्यातरी तापात परत येऊ शकते, वय लहान असेल किंवा घराण्यात असेल तर जरा जास्त. पाच-सहा वर्षांची झाली की बहुतेकांचं थांबतं. पंधरा मिनिटांपेक्षा कमी, अख्ख्या अंगाला आणि चोवीस तासांत एकदाच, अशी असेल तर ती साधी फिट. अशा मुलांना पुढे मिरगी होण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा थोडीशीच जास्त असते, आणि अभ्यासात, वागण्यात फरक पडत नाही.

नवऱ्याने विचारलं, ताप उतरत नाहीये तर मेफ्टाल (म्हणजे मेफेनॅमिक अॅसिडचं सिरप) देऊया का, ऑफिसमधले सगळे देतात. मॅडम म्हणाल्या सप्टेंबर आहे, नाशकात डेंग्यू चालू आहे, रिपोर्ट येईपर्यंत नाही. डेंग्यूत मेफेनॅमिक अॅसिड, आयब्युप्रोफेन असली औषधं रक्तस्रावाचा धोका वाढवतात, पॅरासिटामॉल हेच त्यातल्या त्यात सुरक्षित. डेंग्यूची एनएस१, रक्तपेशी मोजायची सीबीसी, इन्फेक्शनचा अंदाज देणारी सीआरपी, सगळ्या रक्ततपासण्या पाठवल्या. आणि लघवी. ही लघवीची गोष्ट मला नवीन होती. लहान मुलींना सर्दी नाही खोकला नाही आणि नुसता ताप असेल तर लघवीचं इन्फेक्शन असू शकतं आणि वरून काही दिसत नाही. पुसून स्वच्छ करून एक चिकट पिशवी लावली आणि आम्ही सगळे तिची शू यायची वाट बघत बसलो, आजी वाटीने पाणी पाजतायत, बाबा नळ सोडून आवाज करतोय.

रिपोर्ट चांगले आले. एक दिवस ठेवून घेतलं आणि घरी सोडलं. ताप आणखी दोन दिवस येत-जात राहिला, आणि मग ज्या सकाळी तो पूर्ण उतरला त्याच दुपारी छाती-पाठीवर गुलाबी पुरळ. आईंना वाटलं गोवर. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी फोटो बघून बोलावलं, बघितलं आणि म्हणाले रोझिओला. गोवरात ताप, खोकला, लाल डोळे असतानाच पुरळ येतं आणि आधी कानामागे, चेहऱ्यावर येतं. ह्यात तीन ते पाच दिवस कडक ताप, आणि ताप गेला की अंगावर पुरळ, ते पण एक-दोन दिवसांत आपोआप जातं. दोन वर्षांखालच्या मुलांना हा फार कॉमन, आणि ह्याच्या तापात फिट येण्याचं प्रमाणही बरंच.

मनू बरी होऊन परत पाळणाघरात जायला लागली तरी माझी झोप काही परत आली नाही. रात्री हात आपोआप तिच्या कपाळावर जायचा. जरा अंग उबदार लागलं की थर्मामीटर, तिची झोपमोड, मग तिचं रडणं. नवरा म्हणायचा अगं ९८ आहे. शेवटी मावशींनीच मला सांगितलं की आकडा बघत बसू नकोस, पोर बघ. १०३ ताप असून औषधानंतर खेळतेय, पाणी पितेय, शू होतेय, तर घरी थांबता येतं. आणि १०१ च आहे पण उठवून उठत नाही, काही पीत नाही, सहा-आठ तासांत शू नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, श्वास भरभर चाललाय, बरगड्यांखालची कातडी आत ओढली जातेय, मान ताठ आहे, काचेचा पेला दाबला तरी न जाणारे जांभळे ठिपके आहेत, तर रात्र असो पहाट असो, निघायचं. श्वास मोजायचा तर मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट, एक वर्षावरच्या मुलाचा ४० किंवा त्याहून जास्त आणि दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा ५० किंवा त्याहून जास्त असेल तर तो भरभर. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र १००.४ किंवा त्याहून जास्त ताप म्हणजे वाटच बघायची नाही, ते हसत-खेळत असलं तरी लगेच दाखवायचं. आणि डेंग्यू असेल तर ताप उतरल्यावरच जास्त लक्ष द्यायचं, पोटात खूप दुखणं, सारख्या उलट्या, हातपाय गार पडणं ही धोक्याची लक्षणं त्याच वेळी येतात आणि आपण तर ताप गेला म्हणून निर्धास्त झालेलो असतो.

आता घरात एक नाकात मारायचा स्प्रे असतो, मिडाझोलामचा, डॉक्टरांनी वजनाप्रमाणे किती वेळा दाबायचा ते लिहून दिलंय, पाच मिनिटांवर फिट गेली तरच वापरायचा. त्याची एक्स्पायरी मी कॅलेंडरवर लिहिलीय. फ्रिजवर कागद लावलाय, मोठ्या अक्षरात, आईंना चष्मा न लावता वाचता येईल असा: कुशीवर करा, तोंडात काही नाही, घड्याळ बघा, पाच मिनिटं झाली तर स्प्रे आणि १०८. खाली मनूचं वजन, दर महिन्याला पेन्सिलने खोडून नवीन. तोच कागद पाळणाघरात दिलाय. पाळणाघरातल्या ताई वाचून एकदम गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एका बाळाला असं झालं होतं, आम्ही चमच्यानेच दातखीळ सोडवायला बघत होतो. आम्हाला कोणी सांगितलंच नाही."

ह्यात त्या तायांचा काय दोष? सरकारी अंगणवाडीपासून महागड्या डे केअरपर्यंत दिवसभर मुलं सांभाळणाऱ्या बाईला हे पाच मिनिटांत शिकवता येतं. लसीकरणाच्या कार्डावर उंची-वजनाचे एवढे तक्ते असतात, त्यात चार ओळी ह्याच्या का नकोत? नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेलाच्या लसीला प्रत्येक आई मूल घेऊन येतेच, नेमकं त्याच वयात हे सुरू होतं, त्या भेटीत डॉक्टरांनी नाहीतर सिस्टरनी दोन मिनिटं काढून सांगायला हवं, कुशीवर कसं करायचं ते करून दाखवायला हवं. मी आमच्या डॉक्टरांना हे असंच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाले लोक घाबरतील म्हणून आम्ही आधी बोलत नाही. मी म्हटलं डॉक्टर, आधी सांगितलं तर दोन मिनिटं घाबरतील, नाही सांगितलं तर त्या रात्री काय होतं ते मी बघितलंय. त्यांनी तो फ्रिजवरचा कागद माझ्याकडून मागून घेतला, म्हणाले टाइप करून वेटिंग रूममध्ये लावतो. अजून लावला नाहीये, मी दर वेळी विचारते आणि विचारत राहणार.

मावशी येत्या शनिवारी दुपारी पाळणाघरात येऊन सगळ्या तायांना बाहुलीवर करून दाखवणार आहेत, कुशीवर कसं वळवायचं, हनुवटी कशी ठेवायची, तेवढ्यात दुसरीने फोन कोणाला करायचा. बाकीच्या मुलांच्या आयांना पण बोलावलंय, सात-आठ जणी नक्की म्हणाल्यात, दोन आज्या पण येतायत. आमच्या आई पण येणार आहेत, आपल्या मुलाला आकडी यायची तेव्हा काय काय झालं होतं ते त्यांना स्वतःला सांगायचंय.